आठवड्याचा कचरा तोलून पाहिला. आता तो कमी कुठून करावा?

प्रश्न: चौथा मजला, पुणे

आम्ही कोथरूडला चौथ्या मजल्यावर राहतो. घरात सासू-सासरे, आम्ही दोघे आणि दीड वर्षाची मुलगी अशी पाच माणसे आहेत. गेल्या महिन्यात सासऱ्यांनी ताणकाटा काढला आणि घराबाहेर जाणारी प्रत्येक पिशवी आठवडाभर तोलून तिचे वजन दिनदर्शिकेवर लिहून ठेवले. रविवारी बेरीज केली तेव्हा ओला कचरा ९.५ किलो, सुका २.२५ किलो आणि डायपर व पॅड मिळून जवळपास ३ किलो भरले. आमच्या घरात कोणी उधळे नाही, पानात टाकण्याची कोणाला सवय नाही, त्यामुळे हा आकडा पाहून आम्ही सगळेच गप्प झालो.

माझे माहेर फुरसुंगीच्या बाजूला आहे. शहराचा कचरा वर्षानुवर्षे त्या परिसरात येऊन पडला, विहिरींचे पाणी पिण्याजोगे राहिले नाही आणि टँकरची वाट पाहत हंडे घेऊन उभी राहिलेली माणसे मी लहानपणापासून पाहिली आहेत. आपल्या घरची पिशवी त्या वाटेला जाऊच नये, आणि जायचीच असेल तर निदान हलकी होऊन जावी, असे मला मनापासून वाटते.

ओल्या कचऱ्याचे खत करण्याचा एक प्रयत्न आम्ही केला. झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बादलीत भाजीची देठे, साली, चहाचा चोथा आणि उरलेसुरले अन्न टाकत गेलो. दहाव्या दिवशी इतकी दुर्गंधी सुटली आणि इतक्या अळ्या झाल्या की शेजारच्या काकूंनी दार वाजवले. बादली रिकामी करावी लागली. आमची गॅलरी जेमतेम तीन फूट रुंद आहे आणि तिला दुपारनंतर ऊन असते. अशा जागेत हे काम होऊ शकते का? सुक्या कचऱ्याचे आणि डायपरचे काय करावे? कृपया स्वतः केलेल्या गोष्टीच सांगाव्यात.

उत्तर १: परसबाग, नाशिक

मी गेली अकरा वर्षे घरच्या कचऱ्याचे खत करतो आणि पहिल्या वर्षी माझी बादलीही अशीच बिघडली होती, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात बहुतांश पाणीच असते. तो झाकणबंद बादलीत साचला की तळाशी पाणी जमते, हवेला वाट राहत नाही आणि हवेवाचून जगणारे जिवाणू माजतात. कुजकट वास त्यांचाच असतो. हवेवर जगणारे जिवाणू काम करतात तेव्हा वास जवळजवळ येत नाही. त्यांना हवा लागते, बेताचा ओलावा लागतो आणि नत्राच्या जोडीला भरपूर कर्ब लागतो. एक भाग नत्राला पंचवीस ते तीस भाग कर्ब हे प्रमाण त्यांना मानवते. भाजीपाल्यात नत्र जास्त आणि वाळलेल्या पानांत कर्ब जास्त असतो. तुमच्या बादलीत हिरवे होते, पण तपकिरी नव्हते, आणि सगळे बिघडले ते तिथेच.

तुमच्या घरी रोज साधारण १.३५ किलो ओला कचरा निघतो. त्यासाठी चाळीस लिटरचे तीन डबे किंवा मातीची मडकी पुरतात. तळाला आणि बाजूंनी भोके पाडावीत, खाली ताटली ठेवावी, तळात विटांचे तुकडे किंवा नारळाच्या शेंड्या आणि त्यावर चार बोटे पालापाचोळा घालावा. मग रोजचा कचरा बारीक चिरून, पाणी निथळून टाकावा आणि तो पूर्ण झाकला जाईल इतका पाला, लाकडाचा भुसा किंवा कोकोपीट वर पसरावे. मी अंदाजाने दोन वाट्या कचऱ्याला दोन वाट्या पाला घेतो. सुरुवातीला मूठभर जुने खत किंवा अर्धी वाटी आंबट ताक घालावे; दुधाला विरजण लावतो तसेच ते आहे. दर तीन दिवसांनी काठीने खालीवर करावे. पहिला डबा वीसेक दिवसांत भरला की तो बाजूला ठेवून दुसरा सुरू करावा. तिसरा भरेपर्यंत पहिल्यातले खत हाताशी येते.

अळ्यांविषयी मुद्दाम सांगतो, कारण बहुतेक घरे तिथेच हार मानतात. जाड, मातकट रंगाच्या अळ्या असतील तर त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. त्या चावत नाहीत, ती माशी आपल्या अन्नावर बसत नाही आणि त्या अळ्या कचरा झपाट्याने खातात. तरीही त्या घरात नको वाटणे स्वाभाविक आहे. ओल जास्त झाल्याची ती खूण असते. पाल्याचा जाड थर द्यावा, थोडी निंबोळी पेंड भुरभुरावी आणि दोन दिवस नवा कचरा दुसऱ्या डब्यात टाकावा. त्या कमी होतात. चिलटे येत असतील तर तोंडाला जुने मलमलीचे कापड बांधावे.

ओल तपासायची पद्धत सोपी आहे. मूठभर मिश्रण हातात दाबावे. पाणी गळले तर पाला कमी पडला, मूठ सोडताच भुगा झाला तर पाणी शिंपडावे, आणि ओला लाडू वळला तर सगळे ठीक आहे. तयार खताला पहिल्या पावसात मातीला येतो तो वास येतो. ज्या सूक्ष्मजीवांमुळे मातीला तो सुगंध येतो, तेच खतातही काम करत असतात. हा वास पहिल्यांदा आपल्या डब्यातून आला, तो दिवस मी विसरलेलो नाही.

तेलकट आमटी-भाजी उरलीच तर धुऊन, पिळून आणि थोडीच घालावी. आंब्याच्या कोया, नारळाच्या करवंट्या आणि हाडे त्यात घालू नयेत. पाला मात्र वर्षभराचा आताच साठवा. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत पुण्यातले पर्जन्यवृक्ष आणि इतर झाडे पाने ढाळतात. सोसायटीच्या झाडूवाल्या दादांना विनंती करून चार पोती भरून ठेवली तर पावसाळ्यात त्यांचे मोल कळते. शिवाय ती पाने जाळली जाण्यापासून वाचतात.

उत्तर २: कागद-पुठ्ठा, पुणे

मी काही वर्षे कचरावेचक महिलांबरोबर काम केले आहे, म्हणून सुक्या कचऱ्याविषयी लिहिते. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली. या संस्थेच्या ताई दारोदार कचरा नेतात आणि सुक्यातले विकण्याजोगे निवडून भंगारवाल्याला देतात. त्या विक्रीचे पैसे त्यांच्या घरखर्चाचा मोठा आधार असतात. त्यामुळे तुमच्या दारातून निघालेला पुठ्ठा कोरडा आहे की आमटीने भिजलेला, यावर कोणाची तरी त्या दिवसाची कमाई ठरते. भिजलेल्या कागदाला भाव नाही. तो पुन्हा ढिगावर जातो.

दुधाच्या पिशवीचेच पाहा. तिचा कोपरा पूर्ण कापून टाकू नका, छेद देऊन तो पिशवीलाच राहू द्या, कारण कापलेला इवलासा तुकडा वेचता येत नाही आणि गटारात जातो. पिशवी विसळून ते पाणी झाडांना घालावे आणि पिशवी वाळवून ठेवावी. शंभर पिशव्यांची जुडी रद्दीवाला आनंदाने घेतो. पाण्याच्या बाटल्या, शांपूच्या बाटल्या, पत्र्याचे डबे, काच यांनाही गिऱ्हाईक आहे. वेफर्स, बिस्किटे आणि शेव यांची चकचकीत वेष्टने मात्र प्लॅस्टिक आणि धातूचे पातळ थर चिकटवून केलेली असतात; ते थर वेगळे करणे परवडत नाही, म्हणून ती सहसा कोणी विकत घेत नाही. ती कमी करण्याचा एकच मार्ग उरतो, आणि तो खरेदीच्या वेळचा आहे.

आमच्या घरी आम्ही तयार पिठाच्या पिशव्या बंद करून गहू-ज्वारी पोत्याने घेऊ लागलो आणि डबा घेऊन गिरणीत दळण टाकू लागलो. तेल लाकडी घाण्यावरून स्वतःच्या किटलीत आणतो. डाळी, पोहे आणि रवा देणारा वाणी कागदी पुडीत बांधून देतो. पहिल्या दोन वेळा मागावे लागते, नंतर तो आपणहून देतो. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदी आली आणि १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरून फेकायच्या अनेक वस्तूंवर बंदी आहे, तरी भाजीवाल्याकडे पातळ पिशवी मिळतेच. ती त्याने देऊ नये म्हणून वाद घालण्यापेक्षा, घरातून निघताना कापडी पिशवी हाताला लागेल अशी दाराच्या खिळ्याला टांगून ठेवणे मला जास्त उपयोगाचे वाटले.

जुने कपडे बोहारणीला द्यावेत, आणि मऊ झालेल्या सुती साड्यांची गोधडी शिवून देणाऱ्या बायका अजून आहेत. बॅटऱ्या, पाऱ्याचे दिवे आणि मुदत संपलेली औषधे सुक्यात मिसळू नयेत. ती वेगळ्या डब्यात साठवून संकलनाच्या दिवशी द्यावीत.

उत्तर ३: दोडक्याच्या शिरा, सातारा

माझे वय ७१ आहे आणि मी एवढेच सांगेन की ओला कचरा खताच्या डब्यात जाण्याआधी विळीपाशीच थांबतो. दोडक्याच्या शिरा आणि दुधीची कोवळी साल तीळ घालून तेलावर परतली की चटणी होते. फ्लॉवरचा कोवळा दांडा सोलून भाजीत शिजतो. कोथिंबिरीच्या काड्या आमटीच्या फोडणीत जातात. मुळ्याचा पाला तर मुळ्यापेक्षा गुणाचा. डाळ घालून त्याची भाजी आमच्याकडे आवडीने खातात. शिळी पोळी कुस्करून फोडणीची करावी, भाताचेही तसेच. हे सगळे आमच्या आया करत होत्या तेव्हा त्याला पर्यावरण कोणी म्हणत नव्हते. घरात आलेल्या अन्नाचा मान राखायचा, एवढेच होते.

तुमच्या सासूबाईंना हे सारे येत असेलच. त्यांना विचारा, त्यांना बरे वाटेल. आणि ताई, आठवड्याची भाजी एकदम आणू नका. दोन वेळा थोडी थोडी आणली की शीतकपाटात मागे राहून सडणारी पालकाची जुडी वाचते.

उत्तर ४: बाळंतविडा, ठाणे

मला जुळी मुले आहेत, त्यामुळे डायपरचा ढीग मी पाहिला आहे. पूर्ण बंद करण्याचा हट्ट धरला तेव्हा मी आठवड्यात थकले. नंतर दिवसा घरात सुती लंगोट, रात्री आणि प्रवासात डायपर असे ठरवले आणि ते टिकले. दीड वर्षाच्या मुलीला दर दोन तासांनी शिटी वाजवून मोरीवर बसवले तर दोनेक महिन्यांत बराच फरक पडतो; आजी-आजोबा घरात असल्याने तुम्हाला हे आमच्यापेक्षा सोपे जाईल.

जे डायपर आणि पॅड जातील ते नीट गुंडाळून देण्याचे बंधन २०१६ च्या घनकचरा नियमांनीच घातले होते. पुण्यात कचरावेचक ताईंनी जुन्या वर्तमानपत्राची पुडी करून तिच्यावर लाल ठिपका काढण्याची विनंती केली आहे. तो ठिपका दिसला की त्या पुडी उघडत नाहीत. अन्यथा आपल्या घरातले रक्त आणि विष्ठा दुसऱ्या बाईच्या उघड्या हातांना लागते. मी स्वतः मासिक पाळीसाठी सिलिकॉनचा कप वापरू लागले. पहिले तीन महिने अवघड गेले, पण त्याला सहा वर्षे झाली आणि अजून तोच चालू आहे. कोणावर लादण्याची ही गोष्ट नव्हे, ज्या बाईला जमेल तिने करावी.

चौथा मजला

सर्वांचे मनापासून आभार. आजींचे उत्तर सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवले आणि त्यांनी दुसऱ्याच दिवशी दुधीच्या सालीची चटणी केली. रविवारी तीन डबे आणून त्यांना भोके पाडली आहेत. परसबाग, दोन शंका आहेत. माझे यजमान म्हणतात की एका दिवसात खत करणारे विजेचे यंत्र घ्यावे, म्हणजे अळ्यांचा प्रश्नच नको. आणि खत तयार झाल्यावर आमच्याकडे कुंड्या फक्त सहा आहेत, उरलेले कुठे द्यावे?

परसबाग

त्या यंत्रांपैकी बरीच यंत्रे कचरा तापवून वाळवतात आणि दळतात. बाहेर पडणारा भुगा खतासारखा दिसतो, पण तो कुजलेला नसतो. कुंडीत घालून पाणी दिले की तिथेच कुजू लागतो, बुरशी धरतो आणि रोपाच्या मुळांना त्रास देतो. शिवाय रोज वीज लागते. ज्यांना प्रकृतीमुळे डबा हलवणे जमत नाही त्यांची गोष्ट वेगळी, पण तुमच्या घरी पाच माणसे आहेत. यजमानांना एका डब्याची जबाबदारी द्यावी असे मी सुचवेन.

खताची चिंता करू नका. आठवड्याच्या साडेनऊ किलोंतून आटून फार तर दोन किलोच खत हाती येते. दोन भाग मातीला एक भाग खत या प्रमाणात सहा कुंड्या वर्षातून दोनदा भरल्या तरी बरेच संपते, आणि उरलेले सोसायटीच्या झाडांच्या बुंध्याशी घालता येते. तिथे खत पडू लागले की माळी विचारतो, मग शेजारी विचारतात. पुणे महापालिका गांडूळखत प्रकल्प चालवणाऱ्या निवासी मिळकतींना मालमत्ता करात सवलत देते, हेही सोसायटीच्या बैठकीत सांगता येईल. पण त्याआधी एक डबा चांगला चालवून शेजारच्या काकूंना दाखवा, झाकण उघडून वास घ्यायला सांगा. सासऱ्यांना म्हणावे, ताणकाटा आत ठेवू नका. दिवाळीपर्यंतचे आकडे इथे लिहिलेत तर आम्हालाही वाचायला आवडतील.