मदत हवी आहे: हवामान निधीतलं कर्ज ‘मदत’ म्हणून कसं मोजायचं?

नमस्कार मंडळी. गरीब देशांमधलं हरितगृह वायूंचं उत्सर्जन कमी करायला पैसा कोण देतं आणि कसा, यावर एक टिपण लिहितेय. दोन ठिकाणी गाडी अडली आहे.

2009 मध्ये कोपनहेगनला श्रीमंत देशांनी 2020 पर्यंत वर्षाला 100 अब्ज डॉलर उभे करायचं कबूल केलं. ओईसीडी या (मुख्यतः श्रीमंत देशांच्या) आर्थिक संघटनेच्या हिशेबाने तो आकडा 2022 साली गाठला गेला. पण त्यातल्या सरकारी पैशाचा मोठा भाग कर्जाचा, आणि कर्जाची अख्खी रक्कम बेरजेत धरलेली. व्याजासकट परत येणारा पैसा मदत म्हणून मिरवायचा, हे मला तरी पटत नाही. अशा कर्जातला खरा अनुदानाचा वाटा कसा काढतात, कुणी सोपं उदाहरण देऊन सांगेल का?

दुसरं, क्योटो करारातल्या सीडीएमचं, म्हणजे विकसनशील देशांत उत्सर्जन कमी करणाऱ्या प्रकल्पांना विकता येणारी क्रेडिट देणाऱ्या व्यवस्थेचं. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइडइतकी घट. एचसीएफसी-22 हा रेफ्रिजरंट (फ्रिज-एसीत थंडावा देणारा वायू) बनवताना एचएफसी-23 हा फार तीव्र हरितगृह वायू आपोआप निघतो. त्याचा एक टन नष्ट केला की तेव्हाच्या गणिताने 11,700 क्रेडिट मिळायची! नष्ट करायचा खर्च किरकोळ, कमाई भरमसाट. मग मूळ उत्पादनच वाढवायचा मोह होणारच. शेवटी युरोपीय संघाने 2013 मध्ये आपल्या बाजारात ही क्रेडिट घेणं बंद केलं. पॅरिस कराराच्या कलम 6.4 खालच्या नव्या क्रेडिट व्यवस्थेत ही पळवाट कशी बुजवली आहे? ‘प्रकल्प नसता तर किती उत्सर्जन झालं असतं’ हे नेमकं कोण ठरवतं?

अशा प्रकल्पांच्या पडताळणीत प्रत्यक्ष काम केलेलं कुणी असेल तर फारच बरं. वर्तमानपत्री लेख पुष्कळ वाचून झालेत, ते नकोत.