आफ्रिकेत प्रोफेशनल हंटर व्हायचंय, तयारी कुठून सुरू करू?

रानवेडा:
शिकारीला आलेल्या क्लायंटला रानात घेऊन जाणारा लायसनवाला पीएच (प्रोफेशनल हंटर) असतो ना, त्याचं ट्रेनिंग घ्यायचंय मला. बरंच वाचून झालंय, रेंजवर नेमबाजी नियमित चालू आहे, गोळ्यांचे ग्रुप पण चांगले पडतात, म्हणजे जवळजवळ लागतात. पण साऊथ आफ्रिकेत दहा-बारा दिवसांचा कोर्स दिसतो आणि झिम्बाब्वेत म्हणे वर्षं जातात, एवढा फरक का? आणि रायफल .३७५ कॅलिबरची घेऊ की .४५८ ची? ज्यांना माहितीये त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.

माग_काढ्या:
आधी देश ठरव, रायफल नंतर. साऊथ आफ्रिकेत बरीचशी शिकार कुंपणाच्या खाजगी रानात, कुडू, इम्पाला वगैरे हरणांची, त्यामुळे तिथे पीएच स्कूलचा कोर्स करून परीक्षा द्यायची आणि प्रांताकडून लायसन घ्यायचं. नामिबियात पायऱ्या आहेत, हंटिंग गाईड, मग मास्टर हंटिंग गाईड, मग पीएच, आणि हत्ती-रानम्हशी-सिंहासाठी वेगळी बिग गेमची कॅटेगरी. झिम्बाब्वे सगळ्यात अवघड, आणि माझ्या मते खरं शिक्षण तिथेच मिळतं. आधी लेखी पेपर, कायदा, बंदुका आणि बॅलिस्टिक्स (गोळी कशी जाते, कशी लागते), प्राण्यांच्या सवयी आणि अधिवास असं सगळं, मग लर्नर लायसन, मग कमीत कमी २ वर्षं एखाद्या पीएचच्या हाताखाली काम आणि शेवटी रानातली प्रॅक्टिकल परीक्षा, त्यात तुम्ही कॅम्प कसा लावता, स्वयंपाकघर कसं ठेवता हे पण बघतात कारण क्लायंट तिथेच राहणार असतो. केनियाचा विचार करू नकोस, तिथे १९७७ पासून शिकार बंद आहे. बोट्सवानाने २०१४ ला बंदी घातली आणि २०१९ ला उठवली, म्हणजे सरकार बदललं की धंदा पण बदलतो हे डोक्यात ठेव.

बाभूळबन:
वरच्यांशी सहमत, पण रायफलचं सांगतो. झिम्बाब्वेत हत्ती-म्हशीला किमान ९.२ एमएम कॅलिबर आणि गोळीची ५.३ किलोज्यूल ऊर्जा लागते, .३७५ एच अँड एच त्यात बसते. शिकायला तीच बरी. पीएचच्या हातात .४१६ रिग्बी, .४५८ लॉट किंवा .४७० ची डबल (दोन नळ्यांची) दिसते कारण त्याचं काम पहिली गोळी मारायचं नसतंच, क्लायंटची गोळी चुकीच्या जागी लागली आणि म्हैस दाट झुडपात घुसली की तिच्या मागे जायचं असतं, आणि तिथे ती दिसते तेव्हा दहा-पंधरा पावलांवर असते. रेंजवर बेंचला टेकून पाडलेले ग्रुप तिथे उपयोगाचे नाहीत. उभ्याने, तिकाटण्यावरून (तीन काठ्यांच्या टेकूवरून), धाप लागलेली असताना मार, आणि न बघता बोल्ट ओढून दुसरी गोळी भरायची सवय कर.

सावलीतली_वाट:
मला शिकार पटत नाही, स्पष्टच सांगते. पण इतका मनापासून विचारतोयस म्हणून एक विचारते, जखमी जनावर अंधार पडेपर्यंत सापडलं नाही तर दुसऱ्या दिवशी उजाडताच परत जायची तयारी आहे का?

रानवेडा:
हो ताई, आहे. त्याचीच भीती जास्त वाटते म्हणून तर नीट शिकायचंय. लेखी परीक्षेच्या आधी काही काम मिळेल का पण?

माग_काढ्या:
मिळेल, कॅम्पमधलं. गाडीचं पंक्चर काढणं, चिखलातून विंचने ओढणं, कातडं सोलून मीठ लावणं (उन्हात उशीर झाला की केस गळतात आणि ट्रॉफी वाया), फर्स्ट एड. आणि ट्रॅकरच्या, म्हणजे माग काढणाऱ्याच्या, मागे मागे राहा. तो राखेची पुरचुंडी झटकून वारा बघतो, शेण किती ओलं आहे बघतो, दबलेलं गवत किती उठलंय बघतो आणि कळप किती पुढे गेला असेल ते सांगतो. हे कुठल्याही कोर्सात दहा दिवसांत येत नाही. त्याची भाषा शिक, शोना किंवा न्देबेले, निदान रानातले शब्द तरी. परदेशी असशील तर वर्क परमिटची चौकशी पहिल्या महिन्यातच कर, बरेच जण तिथेच अडकतात. पत्र टाकताना नेमबाजीबद्दल एक ओळ पुरे, गाडी दुरुस्त करता येते का ते आधी लिही.