स्वयंपाकघर पूर्ण नव्याने करताना सध्याच्या आरेखनांतले काय टिकेल?

गवाक्ष:
आम्ही स्वयंपाकघर मुळापासून नव्याने करणार आहोत. दोन वेगवेगळ्या इंटिरियर डिझायनरांनी दिलेली आरेखने जवळजवळ सारखीच आहेत: मधोमध मोठे आयलंड (चारही बाजूंनी मोकळा, सुटा ओटा) व त्यावरच इंडक्शन शेगडी, चिमणीऐवजी शेगडीतूनच वाफ खाली ओढणारी यंत्रणा, भिंतीवरची बहुतेक कपाटे काढलेली, ओट्याचाच दगड अखंड भिंतीवर चढवलेला, फ्रिज आणि डिशवॉशर कपाटाच्या दारांमागे दडवलेले, आणि चकचकीत पांढऱ्याऐवजी ओक, अक्रोडाचे लाकूड व मातकट हिरवे रंग. खर्चाची तयारी आहे, मात्र पुढची पंधरा वर्षे पुन्हा तोडफोड नको. आमच्याकडे दोन्ही वेळचा पूर्ण स्वयंपाक घरीच होतो आणि बहुतेकदा दोघे जण एकत्र काम करतात. यातले रोजच्या वापरात काय उतरते, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

काटकोन:
पंधरा वर्षांचा विचार असेल तर या यादीचे आधी दोन भाग करावेत. दारांचा रंग, लाकडाचा पोत, मुठी या गोष्टी पुढे कधीही बदलता येतात. शेगडीची जागा, धुराच्या नळीचा मार्ग, विजेची स्वतंत्र लाइन आणि सांडपाण्याचा उतार मात्र भिंतीत व फरशीखाली गाडले जातात. त्यामुळे शेगडी आयलंडवर घ्यायची की भिंतीलगत, हा तुमच्यापुढचा सर्वांत मोठा निर्णय आहे.

गरम वाफ वर जाते आणि खाली ओढणाऱ्या यंत्रणेला तिच्या या स्वाभाविक गतीविरुद्ध काम करावे लागते. उथळ तव्यासाठी ती पुरते, पण उंच पातेल्याच्या काठावरून निघालेली वाफ बरीचशी तिच्या आवाक्याबाहेर राहते. शिवाय तिची नळी फरशीखालून बाहेरच्या भिंतीपर्यंत न्यावी लागते. ते शक्य नसेल तर हवा कार्बन फिल्टरमधून गाळून पुन्हा घरातच सोडली जाते, ज्यामुळे वास कमी होतो पण ओलावा घरातच राहतो. दोन वेळचा पूर्ण स्वयंपाक होणाऱ्या घरात मी शेगडी बाहेरच्या भिंतीलगतच ठेवीन, तिच्यावर तिच्याहून थोडी रुंद चिमणी लावीन आणि नळी 150 मिमी व्यासाची, शक्य तितकी आखूड व कमीत कमी वळणांची ठेवीन. आयलंड चिरण्या-मळण्यासाठी आणि वाढण्यासाठी मोकळे राहिले तर त्याचा उपयोग उलट वाढतो.

इंडक्शनचा आग्रह मात्र योग्य आहे. उष्णता थेट भांड्याच्या चुंबकीय तळात निर्माण होत असल्याने सुमारे 85 टक्के ऊर्जा अन्नापर्यंत पोहोचते; गॅसवर हे प्रमाण 40 टक्क्यांच्या आसपास असते, आणि ज्वलनातून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड श्वासात जातो तो वेगळाच. चार झोनची शेगडी पूर्ण क्षमतेवर 7 किलोवॉटच्या आसपास वीज घेते, म्हणून 230 व्होल्टवर 32 अँपिअरची स्वतंत्र लाइन आताच टाकून घ्या.

शिळा:
अखंड दगड भिंतीवर चढवण्याची पद्धत मला मनापासून आवडते, कारण तेल आणि मळ धरून ठेवणारे टाइल्सचे सांधेच उरत नाहीत. प्रश्न दगड कोणता, हा आहे. संगमरवर मुख्यतः कॅल्साइटचा असतो आणि लिंबू किंवा व्हिनेगर सांडताच पॉलिशवर निस्तेज डाग पडतो. सीलर लावल्याने रंगाचे डाग आत मुरणे कमी होते, पण आम्लाने होणारी ही झीज थांबत नाही. संगमरवरासारखी शिरा असलेला खरा क्वार्टझाइट आम्लाला दाद देत नाही. मात्र त्याच नावाने डोलोमाइट हा त्याहून मऊ दगडही विकला जातो, म्हणून तुकडा मागून त्याच्या कडेने काच ओरखडून पाहा. खरा क्वार्टझाइट काचेवर स्पष्ट चरा पाडतो.

कृत्रिम क्वार्ट्‌झमध्ये साधारण 90 टक्के खनिज भुकटी आणि उरलेला रेझिन, म्हणजे तिला बांधून ठेवणारा प्लास्टिकसारखा चिकट पदार्थ असतो. तापलेले भांडे थेट ठेवले किंवा सतत ऊन लागले की हा रेझिन पिवळा पडतो. तो कापताना उडणाऱ्या धुळीमुळे कारागिरांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होत असल्याने ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून त्यावर बंदी घातली आहे, आणि आपला ओटा ज्याच्या हातून घडतो त्याच्या फुप्फुसांचा विचार निवडीत असावा, असे मला ठामपणे वाटते. सुमारे 1200 अंश सेल्सिअसला भाजलेल्या पोर्सिलेनच्या मोठ्या लाद्यांना ऊन आणि उष्णता यांचा त्रास होत नाही. ओट्याला 12 मिमी आणि भिंतीला 6 मिमी जाडी चालते. त्यांचा कच्चा दुवा म्हणजे कड, जी आघाताने टवका उडून खराब होऊ शकते. शिवाय नक्षी अनेकदा फक्त वरच्या थरात असते, म्हणून कडा 45 अंशात जोडून घ्याव्यात.

गवाक्ष:
शेगडी भिंतीलगत नेण्याचे पटले. वरची कपाटे काढल्यावर सामान आणि प्रकाश यांचे काय करावे? आणि आयलंडभोवती जागा किती सोडावी?

खणमांडणी:
दोघे एकत्र काम करत असाल तर आयलंड आणि ओटा यांच्यात सुमारे 120 सेंमी मोकळी जागा ठेवा. एकट्यासाठी 105 ते 110 सेंमी पुरते. तेवढी सुटत नसेल तर आयलंड लहान करा.

वरच्या कपाटांतले सामान मावण्यासाठी ओट्याखाली दारांची कपाटे न करता पूर्ण बाहेर येणारे खोल ड्रॉवर घ्या आणि एका भिंतीवर छतापर्यंतचे उंच कपाट करा. कपाटांसोबत त्यांच्याखालचा दिवाही जातो, हे आरेखनात बहुधा सुटते. छतातले दिवे तुमच्या पाठीमागे आले तर चिरण्याच्या जागेवर स्वतःचीच सावली पडते, म्हणून ते ओट्याच्या बाहेरच्या कडेच्या बरोबर वर यावेत. 2700 ते 3000 केल्व्हिनचा, म्हणजे उबदार पिवळसर, आणि रंगदर्शकता (दिव्याच्या खोक्यावरचा CRI आकडा) 90 पेक्षा जास्त असलेला प्रकाश अन्नाचा आणि लाकडाचा रंग खरा दाखवतो.

दडवलेल्या फ्रिजसाठी सुतारकाम सुरू होण्यापूर्वीच नेमके मॉडेल ठरवा, कारण खालच्या पट्टीतून हवा आत येऊन मागून वर बाहेर पडेल इतकी पोकळी त्याच्या माहितीपत्रकात दिलेल्या मापानेच ठेवावी लागते. ओट्याची उंचीही 90 सेंमी धरून चालू नका. तुमच्यापैकी जो जास्त काम करतो त्याच्या वाकवलेल्या कोपरापासून 10 ते 15 सेंमी खाली ती ठेवा. दोघांच्या उंचीत मोठा फरक असेल तर ओटा एकाच्या मापाचा आणि आयलंड दुसऱ्याच्या मापाचे करून घेता येईल.