हिरवा हापूस घरी पिकवताना काही फळे सुरकुतली, काही डागाळली

विश्रामबागवासी, सांगली
रत्नागिरीकडील एका बागायतदाराकडून दोन डझन हिरवा हापूस मागवला होता. फळे वर्तमानपत्रात गुंडाळून ओट्याखाली ठेवली, आणि मे महिन्यातील उकाडा पाहून त्यांतील सहा फ्रिजमध्ये टाकली. आज आठव्या दिवशी फ्रिजमधल्या फळांवर करडे डाग आहेत; बाहेरची काही उत्तम पिकली, काहींची साल मात्र सुरकुतली असून गर पांढरट आणि आंबट निघाला. नऊ फळे अजून कडक आहेत. त्यांचे काय करावे आणि पिकलेली कशी टिकवावीत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

भातशेतकरी, पाटण
कच्चा आंबा फ्रिजमध्ये ठेवणे ही पहिली चूक झाली. आंबा स्वतःच इथिलीन वायू सोडून पिकतो, आणि साधारण 12-13 अंशांखालच्या थंडीत ही क्रिया बिघडते. मग फळ बाहेर काढले तरी साल काळवंडते आणि गोडी येत नाही. आमच्याकडे भात होत असल्याने पेंढ्याला तोटा नाही. माजघरात चार बोटे जाडीचा पेंढा अंथरून त्यावर फळांचा एकच थर लावतो, वर पुन्हा पेंढा घालून गोणपाट टाकतो, हीच अढी. आपल्याला पेंढा मिळाला नाही तर गव्हाचे काड चालेल, कडबा मात्र नको, त्याने सालीवर ओरखडे उठतात. प्लॅस्टिकने अढी झाकू नये. फळांना घाम सुटतो आणि देठापासून कुजायला सुरुवात होते. तिसऱ्या दिवसापासून रोज हात घालून पाहावे, कारण एक नासके फळ शेजारच्यांना घेऊन जाते. रंगावर विसंबू नये, देठाजवळचा वास आणि अंगठ्याला लागणारा मऊपणा हीच खरी खूण.

सुरकुतलेली फळे बहुधा कोवळीच उतरवलेली असावीत, त्यांना कोणतीही अढी वाचवू शकत नाही. उरलेली नऊ फळे बादलीभर पाण्यात सोडून पाहा: तयार झालेले फळ बुडते, कोवळे तरंगते.

आमरसप्रेमी, कराड
साल टवटवीत असूनही आत पांढरट, आंबट गर निघाला असेल, तर तो साका. तो बाहेरून ओळखू येत नाही, आणि हापूसची ही जुनी खोड असल्याने त्याचा दोष स्वतःकडे घेऊ नये.

पिकलेली फळे मात्र खुशाल फ्रिजमध्ये ठेवावीत, चार-पाच दिवस टिकतात. कापण्याआधी फळे तासभर पाण्यात ठेवून देठाकडचा चीक धुऊन काढावा, तो ओठाला लागला तर आग होते. कोय चपटी असते, म्हणून फळ उभे धरून सुरी कोयीच्या सपाट बाजूला लागून वरून खाली उतरवावी; दोन्ही गाल अखंड सुटतात आणि कोय चोखायला उरते (आमच्याकडे तिच्यावरून अजून भांडणे होतात). फोडी घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन दिवस चांगल्या राहतात. रस पाणी न घालता फ्रीझरमध्ये ठेवल्यास काही महिने टिकतो, फक्त डबा काठोकाठ भरू नये, गोठताना रस फुगतो.

बाजारकरी, सातारा
घाई झाली म्हणून कुणी फळे पिकवायला कार्बाइडची पुडी देऊ केली, तरी घेऊ नका. कॅल्शियम कार्बाइडला ओलावा लागला की अ‍ॅसिटिलीन सुटतो, आणि त्यासोबत आर्सेनिक व फॉस्फरसचे अंशही येऊ शकतात. 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार त्याने फळे पिकवण्यास बंदी आहे. व्यापाऱ्यांना परवानगी आहे ती इथिलीन वायूची, तीही दशलक्षात 100 भागांपर्यंत.

विश्रामबागवासी, सांगली
सर्वांचे आभार. नऊपैकी पाच फळे तळाशी गेली आणि चार तरंगली. पाच फळे पुसून, कोरडी करून गव्हाच्या काडात ठेवली आहेत. तरंगलेल्या चारांचा सासूबाईंनी दुपारीच मेथांबा करून टाकला.