चार हजार कामगार, सगळ्यांना एकच प्रशिक्षण. बदलायचं कसं?

चाकण_ट्रेनिंग: आमच्या वाहन कारखान्यात तीन पाळ्यांत मिळून चार हजार माणसं. आयटीआयचा मुरलेला फिटर असो की कालचा शिकाऊ, सगळ्यांना तोच व्हिडिओ, तीच परीक्षा. पंधरा वर्षं वेल्डिंग करणाऱ्याला ‘हेल्मेट का घालावं’ ऐकवताना मलाच कानकोंडं व्हायला होतं. ज्याला जे कमी पडतं तेच शिकवायचं, तर सुरुवात कुठून करू?

जुना_फोरमन: सॉफ्टवेअर नंतर घ्या. आधी लाइनवर कौशल्य-तक्ता लावा. उभी नावं, आडवी कामं, प्रत्येक चौकटीत चार भागांचं वर्तुळ. पाव भरलं म्हणजे शिकतोय, अर्धं म्हणजे देखरेखीखाली करतो, पाऊण म्हणजे एकट्याने, पूर्ण म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. सुपरवायझरने काम डोळ्यांनी बघूनच भरायचं. टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोरानेच आवळायचा पाना) ‘कट्’ वाजल्यावरही जो ओढत राहतो, त्याला तेवढंच शिकवा, त्याच स्टेशनवर, दहा मिनिटांत.

सरकारी_नोकर: केंद्राने 2020 मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी मिशन कर्मयोगी मंजूर केलं, त्यात भर हुद्द्यापेक्षा भूमिकेवर आहे. तुमच्याकडेही दोघं ‘ऑपरेटर’च, पण एक रोबो सांभाळतो, दुसरा हाताने दरवाजे बसवतो. काय शिकवायचं त्याची यादी तिथूनच वेगळी करा.

चाकण_ट्रेनिंग: पटलं. पण रात्रपाळीला शिकवणार कोण?

जुना_फोरमन: पूर्ण वर्तुळवाला. मात्र त्या वेळेपुरता त्याच्या जागी बदली माणूस द्या, आणि हे उत्पादन विभागाकडून आधी लेखी घ्या.