मदत हवी आहे: वेल्डिंग शॉपमधलं यूव्ही (अतिनील किरण) मोजायचं आहे, पुढे यातच काम करायचं आहे

नमस्कार मंडळी,

मी फिजिक्समध्ये बी.एस्सी. केलं, मग एडीआयएस, म्हणजे औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा. चाकणजवळच्या एका फॅब्रिकेशन कारखान्यात चार वर्षं सेफ्टी ऑफिसर आहे.

गेल्या महिन्यात आमच्या एका हेल्परला रात्री दोन वाजता दवाखान्यात न्यावं लागलं. डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग, पाणी थांबेना, दिवा सहन होईना. शॉपमध्ये याला 'वेल्डिंग लागलं' म्हणतात. घरी बटाट्याच्या चकत्या ठेवून झाल्या होत्या. त्याने दिवसभरात वेल्डिंगची टॉर्च हातातही घेतली नव्हती. वेल्डर आर्गॉन वेल्डिंगने टॅक (तात्पुरते टाके) मारत होता आणि हा अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम धरून उभा होता. वेल्डरला हेल्मेट, याला बाजूने उघडा साधा चष्मा. त्रास सहा-बारा तासांनी सुरू होतो, तोवर माणूस घरी पोचलेला असतो. म्हणून रजिस्टरला नोंद नाही. मी आग्रह धरला तर 'दोन दिवसांत बरा होतो' असं उत्तर मिळालं. तो झालाही बरा. पण आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने वेल्डिंगच्या यूव्हीला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातलंय, आणि हा मुलगा रोज तिथेच उभा राहणार आहे.

यूव्हीची सुरक्षित मर्यादा मला माहीत आहे: 270 नॅनोमीटरला आठ तासांसाठी 3 मिलिज्यूल प्रति चौरस सेंमी. बाकीच्या तरंगलांबींना त्यांच्या घातकपणाच्या प्रमाणात वजन द्यायचं. अडचण मीटरची आहे. जंतुनाशक दिव्यांसाठीचा 254 नॅनोमीटरचा मीटर सहज मिळतो, तो इथे चालेल का? आणि केवळ यूव्हीवर करिअर उभं राहतं का? अमेरिकन लष्करात डेव्हिड स्लायनी यांनी आयुष्यभर प्रकाशाच्या धोक्यांवरच काम केलं, त्यांचं वाचून हे वेड लागलंय. कृपया मार्ग दाखवा.

प्रतिसाद:

ताई, तो मीटर घेऊ नका. तो एकाच तरंगलांबीच्या दिव्यासाठी कॅलिब्रेट केलेला असतो. आर्कच्या, म्हणजे वेल्डिंगच्या झगझगीत ज्योतीच्या, यूव्हीत तरंगलांबींचा पट्टा रुंद असतो, त्यामुळे आकडा दिसेल पण मर्यादेशी ताडता येणार नाही. तुम्ही म्हणता तसं तरंगलांबीनुसार वजन दिलेला डिटेक्टर हवा. तो भाड्याने किंवा प्रयोगशाळेकडून मिळवा, आणि कॅलिब्रेशनचा दाखला आधी मागा.

तोवर स्टॉपवॉच घ्या. हेल्परचा चेहरा आर्कपासून किती दूर आणि दिवसात आर्क एकूण किती सेकंद पेटतो, एवढं आठवडाभर लिहा. मीटरभर अंतरावर दिवसाची मर्यादा मिनिटभरात संपू शकते; तुमची ही वही व्यवस्थापनाला मीटरच्या आधी पटेल. फॅक्टरीज अ‍ॅक्टचं कलम 35 डोळ्यांच्या संरक्षणाचंच होतं; 2025 मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली, तिच्यातली तरतूद बघून तीही जोडा. वेल्डिंगचे पडदे आणि हेल्परला शेडचा (गडद काचेचा) चष्मा उद्याच मागा, मोजणी नंतर होऊ दे. जवळपास क्लोरिनचं डिग्रीझर (ग्रीस काढायचं द्रावण) वापरतात का, तेही बघा, कारण आर्कच्या यूव्हीने त्याच्या वाफेतून फॉस्जिन हा विषारी वायू तयार होतो.

करिअरचं म्हणाल तर नुसत्या यूव्हीवर घर चालणं अवघड आहे. आवाज, धूळ, सॉल्व्हंट, उष्णता हे सगळं मोजायला शिका, यूव्ही तुमची खासियत ठेवा. मीही तसंच केलं. मुंबईत शीवच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमध्ये इंडस्ट्रियल हायजीनचा, म्हणजे कामाच्या जागेतले असे धोके मोजण्याचा, विभाग आहे, तिथे जाऊन भेटा. जाताना ती वही बरोबर न्या.