लाइटनिंग डेक खरोखरच कमकुवत आहे का?

खानापूरकर: "पोकेमॉन कार्डांत लाइटनिंग या विजेच्या प्रकाराला केवळ पिकाचूच्या चेहऱ्याने तारले आहे, खेळात त्याला किंमत नाही," असे काल येथे लिहिले गेले आणि ते वाचून मला राहवले नाही. एका पाळीत हातातून एकच एनर्जी, म्हणजे हल्ल्यासाठी लागणारे शक्तीचे कार्ड, लावता येते, हा या खेळाचा मूळ नियम. तो ओलांडण्याची वाट ज्या प्रकाराने पुन्हा पुन्हा काढली, तो कमकुवत कसा? 2011 च्या 'नोबल व्हिक्टरीज' संचातील ईलेक्ट्रिक हा पोकेमॉन टाकलेल्या कार्डांतून लाइटनिंग एनर्जी उचलून बेंचवरच्या, म्हणजे राखीव रांगेतल्या, पोकेमॉनला लावतो. 2023 मधील मिराइडॉन ईएक्स हा लाइटनिंग पोकेमॉन दोनपर्यंत बेसिक (विकसित न झालेले) लाइटनिंग पोकेमॉन डेकमधून, म्हणजे खेळाडूच्या कार्डांच्या गड्ड्यातून, थेट बेंचवर आणतो, आणि इलेक्ट्रिक जनरेटर हे कार्ड डेकच्या वरच्या 5 कार्डांत लाइटनिंग एनर्जी सापडल्यास त्यांतल्या दोनपर्यंत त्यांना लावून देते.

शहापूर पेठ: ते मीच लिहिले होते आणि माझे मत कायम आहे. पहिल्या संचातील पिकाचू 40 एचपीचा, म्हणजे एवढाच मार सोसू शकणारा. समोर फायटिंग प्रकारचा हिटमॉनचॅन असेल, तर एका फायटिंग एनर्जीवरचा त्याचा 20 चा जॅब हा हल्ला पिकाचूच्या फायटिंगपुढील कमजोरीमुळे दुप्पट होतो आणि पिकाचू एका फटक्यात संपतो. शिवाय हा प्रकार स्वतःलाच इजा करतो: पिकाचूचा थंडर जोल्ट नाणेफेक फसली की त्यालाच 10 चा मार देतो, झेक्रॉम हा दुसरा लाइटनिंग पोकेमॉन बोल्ट स्ट्राइकने 120 देताना स्वतः 40 सोसतो. याला ताकद म्हणायचे?

निपाणीकर: ज्या हिटमॉनचॅनची भीती घालता, त्याच्याच शेजारी गाजलेल्या हेमेकर डेकमध्ये इलेक्टाबझ हा लाइटनिंग पोकेमॉन असे, हे का सांगत नाही? खरे दुखणे निराळे आहे. आपल्या गल्ल्यांतून मुले एनर्जी न लावता, नुसता एचपीचा आकडा मोठा कोणाचा एवढे पाहून खेळली, आणि त्या हिशेबात पिकाचू हरणारच. या खेळाने एक पिढी बिघडवली.

टिळकवाडी: "बिघडवली" हा शब्द मागे घ्या. गल्लीतल्या दुकानातील पाकिटांत एनर्जी कार्ड क्वचितच निघे. मग आम्ही खेळायचेच नाही का? धाकट्या भावाने आणि मी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूचे तुकडे कापून त्यांवर पिवळी वीज रंगवली आणि नियमाने खेळलो. ज्यांना नियम सांगणारे कोणी नव्हते, त्यांना दोष देणे अन्यायाचे आहे.

निपाणीकर: म्हणजे नियम कळला, तेव्हा एनर्जी हवीच असे तुम्हालाही वाटले. माझा भाचा अजूनही आकडेच पाहतो आणि समजावले तर रुसतो, म्हणून तिडीक आली. मुलांना दोष द्यायचा नव्हता, तेवढा शब्द परत घेतो. पद्धत मात्र चुकीचीच.

खानापूरकर: एनर्जी वगळली, तर लाइटनिंगजवळ उरतेच काय? त्याचे सगळे कौशल्य ती लवकर जमवण्यात आहे. गल्लीतल्या आठवणींवरून या प्रकाराचा निवाडा करू नये, एवढेच माझे म्हणणे.

शहापूर पेठ: माझा निवाडा छापील आकड्यांवर आहे, आठवणींवर नाही. वेगाचा मुद्दा मान्य करावा लागतो, नाइलाजाने. परंतु त्याच मिराइडॉनचे 220 एचपी फायटिंगच्या 110 च्या, कमजोरीमुळे दुप्पट होणाऱ्या, एका फटक्यात जातात आणि प्रतिस्पर्धी 2 प्राइझ कार्डे, म्हणजे विजयाकडे नेणारी बक्षिसाची कार्डे, उचलतो. त्याचे उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही.